४,६८,००० पौंडांचे ब्रीदवाक्य

#थ्रेड #इतिहास

१/
साल २००६. ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीवरील ‘हू वॉन्ट्स टू बी अ मिलियनेअर?’ या कार्यक्रमात एक प्रसिद्ध दांपत्य दहा लाख पौंडांच्या प्रश्नासमोर बसले होते. त्यांनी उत्तर दिले, ते चुकीचे ठरवले गेले आणि क्षणात ४,६८,००० पौंड हातचे गेले. पुढे उघड झाले की दोष प्रश्नातच होता. आणि गेलेला पैसा त्या दांपत्याचा नव्हताच.

२/
हा खेळ मराठी वाचकाला परका नाही. ४ सप्टेंबर १९९८ रोजी क्रिस टॅरंट यांच्या सूत्रसंचालनाखाली तो ब्रिटनमध्ये सुरू झाला. सेलाडोर ही त्याची निर्माती कंपनी. त्याच साच्यावर ३ जुलै २००० रोजी ‘कौन बनेगा करोडपती’ आले आणि २०१३ मध्ये ‘कोण होईल मराठी करोडपती’. चार पर्याय, लाइफलाइन, सुरक्षित पडाव, ही सारी रचना मूळची लंडनची.

३/
सामान्य स्पर्धक जिंकलेली रक्कम घरी नेतो. नामवंतांच्या विशेष भागांत मात्र ती त्यांनी निवडलेल्या धर्मादाय संस्थेला मिळते. वरवर पाहता खेळ तोच. पण धोका पत्करण्याचा अर्थ बदलतो. स्वतःचे पैसे पणाला लावणारा आपल्यापुरता धाडसी असतो. येथे पणाला लागते ती स्टुडिओत हजर नसलेल्या माणसांच्या हक्काची रक्कम.

४/
ते दांपत्य म्हणजे लॉरेन्स ल्युएलिन-बोएन आणि त्यांच्या पत्नी जॅकी. लॉरेन्स हे अंतर्गत सजावटकार. बीबीसीच्या ‘चेंजिंग रूम्स’ या कार्यक्रमामुळे ब्रिटनच्या घराघरांत ओळखले जाणारे. ते खेळत होते ‘शूटिंग स्टार’ या संस्थेसाठी. बरे न होणाऱ्या आजारांनी ग्रासलेल्या मुलांची शुश्रूषा करणे आणि त्यांच्या आईवडिलांना आधार देणे, हे तिचे काम.

५/
चौदा प्रश्न पार करून दोघे ५ लाख पौंडांवर पोहोचले. तेथे थांबले असते तर ती रक्कम निश्चित होती. पंधराव्या प्रश्नाचे उत्तर चुकले तर मात्र थेट ३२ हजारांच्या पडावावर घसरण. प्रश्न आला तो असा: लॅटिनमधून भाषांतर केल्यास अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे ब्रीदवाक्य काय होते?

६/
दोघांनी उत्तर दिले: ‘इन गॉड वी ट्रस्ट’, म्हणजे ‘आमचा भरवसा देवावर’. निर्मात्यांना अपेक्षित उत्तर होते ‘अनेकांतून एक’, म्हणजे ‘ई प्लुरिबस उनुम’ या लॅटिन वचनाचा अर्थ. पाच लाखांचे बत्तीस हजार झाले. हा निकाल न्याय्य होता का, हे ठरवण्यासाठी १७७६ सालापर्यंत मागे जावे लागते.

७/
४ जुलै १७७६. स्वातंत्र्याचा जाहीरनामा स्वीकारला त्याच दिवशी अमेरिकन काँग्रेसने राष्ट्रमुद्रा ठरवण्यासाठी तिघांची समिती नेमली: बेंजामिन फ्रँकलिन, जॉन ॲडम्स आणि थॉमस जेफरसन. त्यांच्या मदतीला होते जिनिव्हात जन्मलेले चित्रकार प्येर यूजीन द्यु सिमितिएर. ‘ई प्लुरिबस उनुम’ हे शब्द त्यांच्या आराखड्यात होते. तेरा वसाहतींतून एक राष्ट्र, असा त्याचा आशय. आणि योगायोग असा की रोमन लिपीत या वचनाची अक्षरेही तेराच.

८/
गंमत म्हणजे या शब्दांची ओळख अमेरिकनांना बहुधा लंडनमधूनच झाली असे मानले जाते. १७३१ साली तेथे निघालेल्या ‘जेंटलमन्स मॅगझीन’ या मासिकाच्या मुखपृष्ठावर हे वचन असे. तेथे अर्थ साधा होता: अनेक ठिकाणच्या लेखनातून तयार झालेले एक मासिक. वसाहतींतील सुशिक्षित वाचकांना ते परिचित होते.

९/
पहिल्या समितीचा आराखडा बाजूला पडला. आणखी दोन समित्या झाल्या. अखेर काँग्रेसचे सचिव चार्ल्स थॉमसन यांनी सर्व आराखड्यांतील अंश एकत्र करून मुद्रा सिद्ध केली आणि २० जून १७८२ रोजी ती स्वीकारली गेली. गरुडाच्या चोचीतील पट्टीवर ‘ई प्लुरिबस उनुम’ आले. मुद्रेच्या मागील बाजूस ‘ॲन्युइट कोएप्टिस’ आणि ‘नोव्हस ऑर्दो सेक्लोरम’ अशी आणखी दोन लॅटिन वचने होती. म्हणजे एकाच मुद्रेवर तीन!

१०/
यातील एकही वचन ‘राष्ट्राचे ब्रीदवाक्य’ म्हणून कायद्याने घोषित झाले नव्हते. ‘ई प्लुरिबस उनुम’ नाण्यांवर आले, पाठ्यपुस्तकांत गेले आणि लोकांनी ते ब्रीदवाक्य मानले. रूढीने मिळालेला मान मोठा असतो, पण रूढी म्हणजे अधिनियम नव्हे. पावणेदोनशे वर्षे हा फरक कोणाला फारसा खटकला नाही.

११/
‘इन गॉड वी ट्रस्ट’चा प्रवास वेगळा. यादवी युद्धाच्या काळात, नोव्हेंबर १८६१ मध्ये, पेनसिल्व्हेनियातील वॉटकिन्सन नावाच्या धर्मोपदेशकाने अर्थमंत्री सॅमन चेस यांना पत्र लिहून नाण्यांवर ईश्वराचा उल्लेख असावा अशी विनंती केली. चेस यांनी टांकसाळीला तसे कळवले. १८६४ च्या दोन सेंटच्या नाण्यावर हे शब्द प्रथम उमटले.

१२/
तेही निर्वेध टिकले नाहीत. १९०७ साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या पुढाकाराने निघालेल्या नव्या सोन्याच्या नाण्यांवर ते नव्हते. व्यवहारातील नाण्यावर देवाचे नाव घालणे ही रूझवेल्ट यांना विटंबना वाटे. लोकांनी गदारोळ केला आणि १९०८ मध्ये काँग्रेसने कायदा करून ते शब्द परत आणले.

१३/
मग आले शीतयुद्ध. सोव्हिएत संघाच्या निरीश्वरवादी राज्यव्यवस्थेपासून आपले वेगळेपण ठसवण्याची निकड अमेरिकन राजकारण्यांना वाटू लागली. १९५४ मध्ये राष्ट्रध्वजाच्या प्रतिज्ञेत ईश्वराचा उल्लेख घातला गेला. १९५५ मध्ये सर्व चलनावर ‘इन गॉड वी ट्रस्ट’ सक्तीचे झाले. ३० जुलै १९५६ रोजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या स्वाक्षरीने तेच देशाचे अधिकृत ब्रीदवाक्य ठरले.

१४/
आता तो प्रश्न पुन्हा पाहावा. अधिकृत ब्रीदवाक्य हवे असेल, तर ते लॅटिन नाही. मूळचेच इंग्रजी आहे. लॅटिन वचन हवे असेल, तर ते अधिकृत ब्रीदवाक्य नाही. प्रश्नातल्या दोन्ही अटी एकाच वेळी पूर्ण करणारे उत्तरच अस्तित्वात नव्हते. ‘लॅटिनमधून’ या शब्दाकडे लक्ष देणारा एकीकडे जाईल, ‘ब्रीदवाक्य’ या शब्दाकडे लक्ष देणारा दुसरीकडे. दांपत्य दुसऱ्या वाटेने गेले.

१५/
प्रश्न संदिग्ध होता हे सेलाडोरने मान्य केले. दांपत्याला परत बोलावले, ५ लाख पौंड पुन्हा त्यांच्या नावे जमा धरले आणि नवा प्रश्न विचारला: अंतराळात दोनदा जाणारा पहिला मनुष्य कोण? या वेळी दोघांनी उत्तर देण्याचा मोह टाळला. ५ लाख पौंड घेऊन ते उठले आणि ती रक्कम मुलांच्या संस्थेला मिळाली.

१६/
नव्या प्रश्नाचे अपेक्षित उत्तर होते गस ग्रिसम: २१ जुलै १९६१ आणि २३ मार्च १९६५ अशी त्यांची दोन उड्डाणे. परंतु जो वॉकर यांनी एक्स-१५ हे रॉकेट-विमान जुलै आणि ऑगस्ट १९६३ मध्ये दोनदा १०० किलोमीटरच्या वर नेले होते. आणि केवळ पृथ्वीप्रदक्षिणाच मोजायची, तर ग्रिसम यांचे पहिले उड्डाण बाद होते आणि मान गॉर्डन कूपर यांच्याकडे जातो. चार पर्यायांच्या चौकटीत हा प्रश्न निभावतो. चौकटीबाहेर तोही डळमळतो.

१७/
प्रश्नमंजूषेला एकच उत्तर लागते, कारण घड्याळ चालू असते. इतिहासाचे तसे नसते. ‘कोणत्या साली?’, ‘कोणत्या कायद्याने?’, ‘कोणाच्या व्याख्येनुसार?’ हे उपप्रश्न वगळले की माहिती सुटसुटीत होते, आणि नेमकी तेथेच खोटी होऊ लागते. एरवी अशा चुकीची किंमत कोणी मोजत नाही. या वेळी ती एका बालशुश्रूषा केंद्राला मोजावी लागणार होती, म्हणून ती आकड्यात दिसली.

१८/
तेव्हा अमेरिकेचे ब्रीदवाक्य कोणते, असे कोणी विचारले तर पूर्ण उत्तर असे: १७८२ पासून राष्ट्रमुद्रेवर आणि लोकमानसात ‘ई प्लुरिबस उनुम’, ३० जुलै १९५६ पासून कायद्याने ‘इन गॉड वी ट्रस्ट’. दोन तारखा जोडल्या की वाद उरत नाही. त्या दिवशीच्या प्रश्नपत्रिकेत त्यांतली एक जरी असती, तरी पुरले असते.