बाबागाडी असेल तरच आत: शांघायची एक बाग आणि तिथल्या आया

ब्रूस लीचा ‘फिस्ट ऑफ फ्युरी’ (१९७२) पाहिलाय का तुम्ही? त्यात तो शांघायच्या एका बागेच्या दारात येतो. दारावर पगडीवाला शीख पहारेकरी असतो आणि वर पाटी: कुत्रे आणि चिनी यांना प्रवेश नाही. पुढे त्या पाटीचं काय होतं ते सांगायला नको.

ही बाग खरी आहे. शांघायच्या बंड या नदीकाठच्या रस्त्याच्या उत्तर टोकाला, सुझौ खाडी ह्वांगपू नदीला मिळते तिथे, ती १८६८ मध्ये सुरू झाली. शीख पोलीसही खरे आहेत. शांघायच्या म्युनिसिपल पोलिसांत ते १८८०च्या दशकापासून होते. पाटीचं मात्र तसं नाही. रॉबर्ट बिकर्स आणि जेफ्री वासरस्ट्रॉम या दोन इतिहासकारांनी १९९५ मध्ये या पाटीच्या मागे लागून सगळे कागद चाळले. ‘कुत्रे आणि चिनी’ असं एका ओळीत लिहिलेल्या पाटीचा पुरावा त्यांना मिळाला नाही. चिनी लोकांना बंदी मात्र होतीच, ती नियमावलीत वेगवेगळ्या कलमांत लिहिलेली होती. म्हणजे अपमान खरा, वाक्य लोकांनी नंतर जोडलेलं.

बहुतेक लेख इथे थांबतात. मला त्या नियमावलीतली बाकीची कलमं जास्त महत्त्वाची वाटतात, कारण माझ्या प्रबंधाचा विषय वसाहतीतली घरं आणि त्या घरांत राबणारी माणसं हा आहे.

१९०३च्या नियमांत चिनी लोकांना बंदी होती, पण एक अपवाद होता: परदेशी मालकाबरोबर आलेले नोकर. १९१७च्या नियमावलीत दहा कलमं आहेत. पहिलं म्हणतं, बाग परदेशी समाजासाठी राखीव. चौथं कुत्रे आणि सायकली यांच्याबद्दल. पाचवं म्हणतं, बाबागाड्या फक्त पायवाटेवरून न्या. आठवं असं, की मुलं सांभाळणाऱ्या आयांनी बँडचा कार्यक्रम चालू असताना बाकांवर आणि खुर्च्यांवर बसायचं नाही. आणि नवव्यानुसार शेजारच्या राखीव बागेत मुलांबरोबर परदेशी माणूस असलंच पाहिजे. एकटी आया चालणार नाही.

आता हे एकत्र वाचा. शांघायमधला एखादा श्रीमंत चिनी व्यापारी, म्युनिसिपालिटीचा कर नियमित भरणारा, या बागेत पाऊल ठेवू शकत नव्हता. त्याच शहरातली गरीब चिनी बाई रोज संध्याकाळी आत जाऊ शकत होती, कारण तिच्या हातात गोऱ्या बाळाची गाडी होती. तिचा पास म्हणजे ते बाळ. तरीही बँड सुरू झाला की तिनं उभं राहायचं, खुर्ची बाळाच्या आईबापांसाठी. आणि नियम करावा लागला म्हणजे या बायका खुर्च्यांवर खुशाल बसत असणार, हे तर उघड आहे. जे कोणी करतच नाही त्याला मनाई करायला कमिटी बसत नाही!

या बाईला तिथे ‘अमा’ म्हणत. शब्द पोर्तुगीज, अर्थ दाई. मकाववरून तो चीनच्या बंदरांत पसरला. आपल्याकडचा ‘आया’ हा त्याचा मावसभाऊच, तोही पोर्तुगीजच, ‘आइआ’वरून आलेला. (मराठीत आईचं अनेकवचनही ‘आया’च होतं. हा निव्वळ योगायोग, पण या विषयावर काम करताना तो डोक्यातून जात नाही.)

घरात बाळ आलं की परदेशी कुटुंबाला अमा लागायचीच. यात आळस किंवा थाट एवढंच कारण नव्हतं, भीतीही होती. कॉलरा, विषमज्वर, देवी, आमांश आणि घटसर्प ही नावं त्या काळच्या प्रत्येक आईला पाठ होती. शांघायला नळाचं पाणी १८८३ मध्ये आलं, तरी ते उकळूनच प्यायचं. शेतांना मैला घालत असल्यामुळे कच्च्या भाज्या पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यात बुडवायच्या. दूध तापवायचं, बाटल्या उकळायच्या, किंवा सरळ डब्यातलं घट्ट दूध वापरायचं. आता विचार करा, हे सगळं करणार कोण? नियम मेमसाहेबाचे, पण चुलीशी उभी अमा किंवा स्वयंपाकी. बाळाचा जीव रोज ज्या हातांवर अवलंबून, त्याच हातांवर विश्वास नाही, अशी त्या घरांतली परिस्थिती होती.

पर्ल बक यांचं घर बघा. त्यांना पुढे १९३८ चं नोबेल मिळालं. आईवडील अमेरिकन मिशनरी. पर्ल जन्मायच्या आधी या जोडप्याची तीन मुलं चीनमध्ये राहत असताना दगावली होती. आई खचली, कुटुंब सुट्टीवर अमेरिकेला गेलं आणि तिथे १८९२ मध्ये पर्लचा जन्म झाला. काही महिन्यांची पोर घेऊन ते परत चीनमध्ये आले. १८९९ मध्ये धाकटा भाऊ क्लाइड घटसर्पानं गेला. सात मुलांपैकी चार. आईवर पर्ल बक यांनी ‘द एक्झाइल’ (१९३६) हे पुस्तक लिहिलं. परदेशी बाळांच्या इतिहासाचा उंबरठा म्हणून मी ते प्रत्येकाला वाचायला सांगते.

उन्हाळ्यात तर शहरात बाळ ठेवणं म्हणजे जुगार. म्हणून डोंगर शोधले गेले. एडवर्ड सेल्बी लिटल या मिशनऱ्यानं १८९५ च्या सुमारास लूशान पर्वतावर जागा मिळवली आणि तिला नाव दिलं कुलिंग, म्हणजे इंग्रजीत ‘गारवा देणारं’ असा शब्दखेळ. आपल्याकडे महाबळेश्वर-माथेरानचं जे झालं तेच. बायका-मुलं महिनोन्‌महिने वर, पुरुष खाली ऑफिसात. आणि वर जायचं कसं? बाळासकट बाई डोलीत, डोली चिनी मजुरांच्या खांद्यावर. बक कुटुंबाचं, म्हणजे त्यांच्या माहेरच्यांचं, घर तिथल्या सुरुवातीच्या घरांपैकी होतं.

अमाबद्दलचा सगळ्यात जुना संशय म्हणजे, ती बाळाला अफू चाटवून झोपवते. आपल्याकडच्या आयांबद्दलही इंग्रज मेमसाहेब हेच बोलत. कुठे घडलंच नसेल असं मी म्हणत नाही. पण त्याच काळात खुद्द इंग्लंडमधल्या आया रडक्या पोरांना ‘गॉडफ्रीज कॉर्डियल’ पाजत होत्या, त्यात अफूच होती. अमेरिकेतल्या ‘मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप’मध्ये मॉर्फिन. आणि चीनमध्ये ती अफू पेटाऱ्यांनी भरून कोणी आणली, कुठून आणली, यात मुंबई बंदराचाही वाटा आहे. तो वेगळ्या पोस्टचा विषय.

दुसरी भीती भाषेची. बाळ दिवसभर अमाकडे, त्यामुळे ते आधी चिनी बोलायला लागे. पर्ल बक यांना इंग्रजीइतकीच चिनी येत होती. त्यांच्या घरी वांग अमा होती, तिच्या गोष्टी ऐकत त्या वाढल्या. पुढच्या पिढीत शांघायच्या श्रीमंत घरांनी हे टाळायचा मार्ग काढला. रशियन क्रांतीनंतर हजारो ‘व्हाइट रशियन’ निर्वासित शहरात आले, त्यांच्यातल्या बायका इंग्लंडहून बोलावलेल्या नॅनीपेक्षा स्वस्तात मिळत. लेखक जे. जी. बॅलर्ड १९३० मध्ये शांघायमध्येच जन्मले. त्यांना सांभाळायला रशियन नॅनी होत्या.

अमाची बाजू कागदांत सापडत नाही, आणि माझं खरं दुखणं इथे आहे. दुसऱ्याचं बाळ कडेवर घेऊन झोपवणाऱ्या बाईचं स्वतःचं बाळ त्या वेळी कुठे होतं? फोटोखाली बाळाचं पूर्ण नाव असतं, शेजारी नुसतं ‘अमा’. प्रवासाला नेलं तरी जहाजाच्या यादीत आयांची नोंद अनेकदा ‘अमुक बाईंची आया’ अशीच. लंडनला पोहोचल्यावर काहींना मालक तिथेच सोडून देत. त्यांच्यासाठी हॅकनी भागात एक आसरा होता, लंडन सिटी मिशननं चालवलेला. भारतातल्या आया आणि चीनमधल्या अमा तिथे एकाच छताखाली राहत. २०२२ मध्ये त्या घरावर निळी स्मृतिपाटी लागली.

शांघायची बाग चिनी लोकांसाठी उघडली ती १९२८ मध्ये, तिकीट लावून. मग जपानी आले. १९४३ मध्ये ब्रिटिश आणि अमेरिकन कुटुंबांना लुंगह्वासारख्या छावण्यांत बंद केलं, बारक्या पोरांसकट. एका खोलीत एक कुटुंब, गरम पाण्यासाठी रांग. ज्या बायकांनी आधीची बाळं अमाच्या हातून वाढवली होती, त्या आता स्वतःच दुपटी धुवायला बसल्या. त्यांच्या अमा तारेच्या कुंपणाबाहेर राहिल्या.