एएनएम, जीएनएम की ६ महिन्यांचा कोर्स? तुमच्या रुग्णाजवळची 'सिस्टर' नेमकी कोण

रुग्णालयात गणवेशातील प्रत्येक स्त्रीला आपण 'सिस्टर' म्हणतो. त्यांच्या शिक्षणात मात्र बराच फरक असू शकतो. वॉर्डमध्ये वरिष्ठ परिचारिका आणि डॉक्टर जवळ असल्याने हा फरक सहसा जाणवत नाही. घरी रुग्णासाठी नर्स ठेवायची वेळ आली की तो महत्त्वाचा ठरतो.

मान्यताप्राप्त पदविका कोणत्या?

एएनएम (ऑक्झिलरी नर्स अँड मिडवाइफ): बारावीनंतर २ वर्षांचा अभ्यासक्रम. गरोदर मातांची तपासणी, प्रसूती, लसीकरण आणि बालकांची काळजी यांवर भर असतो. आरोग्य उपकेंद्रातील सिस्टर बहुधा एएनएम असतात. सपाट भागात सुमारे ५,००० आणि आदिवासी वा डोंगराळ भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावे, असा निकष आहे.

जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी): बारावीनंतर ३ वर्षे. यात औषधोपचार, शस्त्रक्रियेच्या रुग्णांची काळजी, बालरुग्ण, मानसिक आरोग्य आणि प्रसूती हे सगळे शिकवतात. रुग्णालयातील अनेक स्टाफ नर्स जीएनएम असतात. पुढे २ वर्षांचा पोस्ट बेसिक अभ्यासक्रम करून त्यांना बी.एस्सी. नर्सिंगची पदवी घेता येते.

दोन्ही पदविकांनंतर राज्याच्या परिचर्या परिषदेकडे नोंदणी करावी लागते. आपल्याकडे हे काम महाराष्ट्र परिचर्या परिषद करते.

वॉर्डमधील शिकाऊ परिचारिका

परिचर्या हे वर्गात बसून पूर्ण शिकता येणारे काम नाही. म्हणूनच नर्सिंग स्कूलला रुग्णालयाची जोड लागते. विद्यार्थिनी आधी पुतळ्यावर सराव करतात. मग वॉर्डमध्ये ताप-नाडी पाहणे, स्पंजिंग, ड्रेसिंग आणि पुढे इंजेक्शन देणे, असे टप्प्याटप्प्याने शिकतात. हे काम शिक्षिका किंवा स्टाफ नर्सच्या देखरेखीखाली व्हायला हवे. शंका वाटली तर 'स्टाफ सिस्टरांना बोलावता का?' असे विचारायला संकोच करू नका. तो तुमचा हक्क आहे.

६ महिन्यांच्या कोर्सचे काय?

अशा कोर्सने परिषदेकडे परिचारिका म्हणून नोंदणी होत नाही. याचा अर्थ ती व्यक्ती निरुपयोगी आहे असा नाही. अंघोळ घालणे, कूस बदलणे, भरवणे, चालायला आधार देणे ही कामे चांगल्या काळजीवाहक मायेने आणि नीट करतात. प्रश्न इंजेक्शन, सलाईन, लघवीची नळी यांचा आहे.

इन्सुलिनचेच पाहा. आपल्याकडे इन्सुलिन १ मिलीमध्ये ४० युनिट आणि १ मिलीमध्ये १०० युनिट अशा दोन तीव्रतांत मिळते. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या असतात. १०० चे इन्सुलिन ४० च्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत भरले, तर प्रत्यक्षात ५० युनिट जातात, म्हणजे अडीचपट. अशा चुकीने साखर जीवघेणी खाली येऊ शकते. घाम, थरथर, असंबद्ध बोलणे दिसले आणि रुग्ण शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर लगेच साखर द्या आणि डॉक्टरांना कळवा. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता १०८ ला फोन करा.

नर्स ठेवण्यापूर्वी

• ब्युरोला नर्स हवी की काळजीवाहक, हे स्पष्ट सांगा.
• परिषदेचे नोंदणी प्रमाणपत्र आणि त्याची मुदत पाहा. फक्त कोर्सचे सर्टिफिकेट पुरेसे नाही.
• डॉक्टरांकडून औषधे, मात्रा आणि वेळा लिहून घ्या व कागद रुग्णाजवळ ठेवा.
• दिलेल्या प्रत्येक इंजेक्शनची वहीत नोंद करायला सांगा.
• काळजीवाहक ठेवली असेल, तर तिच्यावर इंजेक्शनची जबाबदारी टाकू नका.

घरातील मुलीला नर्सिंगला पाठवत असाल, तर फी भरण्यापूर्वी त्या स्कूलला राज्य परिषदेची मान्यता आहे का, आणि विद्यार्थिनी कोणत्या रुग्णालयात प्रशिक्षण घेतात, हे स्वतः जाऊन तपासा. '६ महिन्यांत नर्स' अशा जाहिरातीला भुलून पैसे भरले, तर फी जाते, वर्ष जाते आणि नोंदणी मिळत नाही.