न दाखवलेली पानं

मागच्या वेळी आपण पोकरमधल्या थापेबद्दल बोललो. आज पानं कधी दाखवायची, ते पाहू. बाकी सगळ्यांनी डाव सोडला, तर जिंकणाऱ्याला पानं दाखवावी लागत नाहीत. बघायची असतील तर चालीएवढे पैसे भरा! आपल्या तीन पत्तीतला ‘शो’ही विकतच घ्यावा लागतो ना, तसंच. शेजाऱ्याला पानं दाखवलीत तर मात्र ती सगळ्यांना दाखवायची. पैसे भरून झाल्यावर हरलेल्याची पानंही मागता येतात. हा नियम दोघांनी आतून संगनमत करू नये म्हणून आहे. नुसती कुणाची फजिती करायला तो वापरणं आम्हाला तरी असभ्यच वाटतं.

ही रीत टीव्हीला अडचणीची होती. पानं झाकलेली, मग प्रेक्षक बघणार काय? वाट काढली हेन्री ओरेन्स्टाइन यांनी. पोलंडमधले ज्यू, पुढे अमेरिकेत खेळणी बनवणारे. 1944 साली नाझी छावणीत शास्त्रज्ञ आणि गणितज्ञ हवेत अशी घोषणा झाली. यांचा त्या विषयांशी संबंध नव्हता, तरी त्यांनी स्वतःचं आणि भावंडांचं नाव दिलं. ती थाप उघडी पडली असती तर जीवच गेला असता.

टेबलात बसवलेल्या कॅमेऱ्याचं पेटंट त्यांना 1995 मध्ये मिळालं. प्रेक्षकांना आता सगळी पानं दिसतात. समोर बसलेल्याला मात्र अजूनही पैसे भरावे लागतात.