मायक्रोकंट्रोलरद्वारे अवरक्त संकेतप्रेषण

टीव्ही, संगीतसंच, वातानुकूलक अशा उपकरणांच्या रिमोटमधून निघणारे अवरक्त प्रकाशाचे संकेत मायक्रोकंट्रोलरकडून तंतोतंत निर्माण करून पाठवण्याची पद्धत. त्यासाठी बहुधा ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचा एलईडी वापरतात. त्याचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून मात्र तो बऱ्याचदा फिकट जांभळा दिसतो. एलईडी लागतो की नाही हे पाहण्याचा हाच सर्वांत सोपा उपाय.

ऊन आणि दिवे यांच्यातूनही अवरक्त प्रकाश येत असतो. त्या गर्दीत रिमोटचा संकेत वेगळा ओळखू यावा म्हणून एलईडी सेकंदाला सुमारे ३८,००० वेळा लुकलुकवतात. ही झाली वाहक वारंवारता. टीव्हीतील ग्राही या वारंवारतेच्या आसपासचा संकेत तेवढा उचलतो, म्हणून नुसता पेटत ठेवलेला एलईडी कितीही प्रखर असला तरी टीव्ही दाद देत नाही. फिलिप्सच्या आरसी-५ पद्धतीत वाहक ३६, तर सोनीच्या पद्धतीत ४० किलोहर्ट्झचा असतो.

सर्वाधिक आढळणारी पद्धत एनईसीची. तिच्या आरंभी ९ मिलिसेकंद वाहक चालू आणि ४.५ मिलिसेकंद बंद असतो. पुढे ३२ बिट येतात : उपकरणाचा पत्ता, त्याचा उलट (शून्याच्या जागी एक, एकाच्या जागी शून्य असलेला) बाइट, आज्ञा आणि तिचाही उलट बाइट. प्रत्येक बिटात वाहक ५६२.५ मायक्रोसेकंद चालू राहतो. शून्य की एक, हे त्यामागच्या शांततेवरून ठरते. शून्यासाठी ती तेवढीच, एकासाठी तिप्पट. ही योजना अतिशय सुरेख आहे. उलट बाइटांमुळे चूक लगेच पकडता येते, शिवाय शून्ये आणि एक प्रत्येकी १६ भरत असल्याने कोणतीही आज्ञा सारख्याच वेळात, सुमारे ६८ मिलिसेकंदांत, संपते. बटण दाबून ठेवल्यास दर १०८ मिलिसेकंदांनी केवळ ‘पुन्हा’ असा छोटा संकेत जातो.

मायक्रोकंट्रोलरचे मुख्य काम म्हणजे वेळ पाळणे. अर्डुइनो उनो या बोर्डावरील एटीमेगा३२८पी हा मायक्रोकंट्रोलर १६ मेगाहर्ट्झवर चालतो. ३८ किलोहर्ट्झच्या एका आवर्तनाला त्याचे सुमारे ४२१ ठोके मिळतात. हे लुकलुकणे प्रोग्रॅमच्या ओळींनी साधता येते, पण मध्येच इंटरप्ट (दुसऱ्या कामासाठीचा व्यत्यय) आला की लय तुटते. त्यापेक्षा वाहक मायक्रोकंट्रोलरमधील टायमरकडे सोपवून प्रोग्रॅमने तो ठरावीक वेळी चालू-बंद करणे अधिक भरवशाचे. केन शिरिफ यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आयआररिमोट लायब्ररीमुळे हे काम नवशिक्यांच्याही आवाक्यात आले. एनईसीत कमी मूल्याचा बिट आधी जातो. लायब्ररीच्या जुन्या आवृत्त्या मात्र आधी आलेला बिट मोठ्या मूल्याचा धरत. त्यामुळे जुने कोड नव्या आवृत्तीत वापरताना बिटांचा क्रम उलटावा लागतो.

एलईडी थेट मायक्रोकंट्रोलरच्या पिनला जोडणे चुकीचे. पिनमधून २० मिलिअँपिअरपर्यंतच प्रवाह घ्यावा. खोलीभर पोहोचायला १०० च्या आसपास लागतो. म्हणून मध्ये २एन२२२२सारखा ट्रान्झिस्टर घालतात. ५ व्होल्टमधून एलईडीचे सुमारे १.३ आणि ट्रान्झिस्टरचे ०.२ व्होल्ट वजा केल्यास ३.५ उरतात, म्हणून एलईडीला ३३ ओहमचा रोधक पुरतो. ट्रान्झिस्टरच्या बेसला ४७० ओहमचा. आवर्तनाचा एक तृतीयांश भागच एलईडी पेटता ठेवला तर सरासरी प्रवाह कमी राहतो.

वातानुकूलकाची गोष्ट निराळी. त्याचे बहुतेक रिमोट ‘तापमान एक अंशाने वाढव’ असे सांगत नाहीत; प्रत्येक बटणासरशी तापमान, पंख्याची गती, कामाची पद्धत, चालू-बंद अशी पूर्ण स्थिती आणि शेवटी तपासणी-बेरीज पाठवतात. ती स्थिती रिमोटच्या स्मृतीत असते, यंत्राकडून उत्तर येत नाही. म्हणून एका बटणाचा संकेत नोंदवून तोच पुन्हा पाठवल्यास नोंदीच्या वेळची सगळी स्थिती परत येते. हवे ते तापमान पाठवायचे तर प्रत्येक बाइटाचा अर्थ लावून संदेश नव्याने रचावा लागतो आणि सध्याची स्थिती मायक्रोकंट्रोलरनेच लक्षात ठेवावी लागते.