मुलांचा दमा: फुंकून करायची तपासणी कधी, कशी आणि कशासाठी?

थंडी पडली किंवा पाऊस लागला की काही मुलांचा खोकला थांबतच नाही. रात्री छातीतून सुंईसुंई आवाज येतो, पळालं की धाप लागते. घरात म्हणतात, "कफ झालाय, मोठा झाला की जाईल." पण असा त्रास पुन्हा पुन्हा होत असेल तर तो बाळदमा असू शकतो. त्यात श्वासनळ्या सुजतात, आवळतात आणि आत घेतलेली हवा पटकन बाहेर पडत नाही. नळ्या किती आवळल्यात, हे स्पायरोमेट्री या तपासणीत आकड्यात कळतं.

कोणत्या वयात?
साधारण ५-६ वर्षांपासून. त्याहून लहान मुलांना नीट फुंकता येत नाही. त्यांचं निदान डॉक्टर लक्षणं, घरातला दम्याचा इतिहास आणि औषधाचा गुण पाहून करतात.

तपासणी कशी होते?
आधी मुलाची उंची मोजतात, कारण वय आणि उंचीप्रमाणे आकडे बदलतात. नाकाला चिमटा लावून, छाती भरून श्वास घ्यायचा आणि नळीत जोरात, छाती रिकामी होईपर्यंत फुंकायचं. असं किमान तीनदा. सुई नाही, दुखत नाही. पहिल्या एका सेकंदात किती हवा बाहेर आली, हे त्यात महत्त्वाचं.
मग पंपाने औषध देतात आणि १५ मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावतात. हा आकडा १२ टक्के किंवा जास्त सुधारला, तर दम्याच्या निदानाला बळ मिळतं.

जाण्याआधी काय कराल?
• पोट भरून जेवण नको, कपडे सैल घाला.
• पंप किती तास आधी बंद ठेवायचा, हे डॉक्टरांना विचारा. मधेच धाप लागली तर पंप द्या, तपासणी नंतर होईल.
• आदल्या दिवशी घरी मेणबत्ती विझवल्यासारखं फुंकायचा सराव करून घ्या.

रिपोर्ट नॉर्मल आला तर?
दमा नाहीच, असं समजू नका. त्रास नसलेल्या दिवशी आकडे चांगले येऊ शकतात. म्हणून रोजचा पंप स्वतःहून बंद करू नका.

घरी मोजता येतं का?
हो, पीक फ्लो मीटरने. मूल बरं असतानाचा सर्वात चांगला आकडा लिहून ठेवा. त्याच्या ८० टक्क्यांच्या वर म्हणजे ठीक, ५० ते ८० म्हणजे सावध, ५० च्या खाली म्हणजे लगेच औषध आणि दवाखाना.

हे दिसलं तर तपासणीची वाट पाहू नका
श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जाणं, एक वाक्यही सलग बोलता न येणं, ओठ निळसर पडणं. अशा वेळी पंप द्या आणि १०८ ला फोन करा.

चुलीचा धूर आणि घरातली बिडी यांनी दमा बळावतो. मुलाला त्यापासून लांब ठेवा.