त्रिरश्मी डोंगरावरील राजाज्ञा

एका राजाच्या शब्दावर चालणारे राज्य प्रत्यक्षात कसे चालत असे, याचा प्राचीन महाराष्ट्रातील उत्तम पुरावा नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरावर आहे. पांडवलेणी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या येथील बौद्ध लेण्यांत प्राकृत भाषेतील आणि ब्राह्मी लिपीतील शिलालेख आहेत. त्यांपैकी महत्त्वाचे लेख क्षहरात क्षत्रप आणि सातवाहन या दोन घराण्यांच्या संघर्षाच्या काळातले, म्हणजे इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतले आहेत.

क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने लेणे क्रमांक 10 कोरवून भिक्षुसंघाला दिले. भिक्षूंच्या खर्चासाठी त्याने 3,000 कार्षापण (त्या काळची नाणी) गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, कायम ठेव म्हणून ठेवले. त्यांपैकी 2,000 वर दरमहा शेकडा एक आणि 1,000 वर पाऊण टक्का व्याज ठरले. हे दान निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, जाहीर करून नोंदवण्यात आले. राजघराण्यातल्या माणसालाही आपले दान टिकवण्यासाठी श्रेणी आणि सभा यांचा आधार घ्यावा लागत होता.

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाची सत्ता मोडली. नाशिकजवळच्या जोगलटेंभी येथे 1906 साली नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने आपली मुद्रा पुन्हा ठोकली होती. सत्ता बदलल्याचे त्याने असे बाजारातल्या प्रत्येक व्यवहारात दाखवून दिले.

लेणे क्रमांक 3 मध्ये त्याच्या कारकिर्दीच्या 18 व्या वर्षाची आज्ञा आहे. विजयी सैन्याच्या छावणीतून ती गोवर्धनचा अमात्य (राजाचा अधिकारी) विष्णुपालित याला पाठवली गेली. पूर्वी उषवदाताकडे असलेली 200 निवर्तने (जमिनीचे प्राचीन माप) जमीन भिक्षूंना द्यावी, तेथे राजाच्या माणसांनी शिरू नये, मिठासाठी खणू नये आणि अधिकाऱ्यांनी हस्तक्षेप करू नये, असे तीत बजावले आहे. तोंडी दिलेली ही आज्ञा शिवगुप्त नावाच्या अमात्याने लिहून काढली. या सवलतींवरून इतर गावांना राजपुरुषांचा किती जाच सोसावा लागत असेल, याची कल्पना येते.

24 व्या वर्षाच्या आज्ञेत या राज्यपद्धतीची मर्यादा दिसते. दान दिलेल्या शेतात नांगर फिरत नव्हता आणि गावही ओसाड होते. तेव्हा राजाने आपल्या मातेसह अमात्य श्यामक याला आज्ञा करून नगराच्या सीमेवरील राजाच्या मालकीच्या शेतातून 100 निवर्तने जमीन बदल्यात दिली. राजाचा शब्द कायदा होता, पण ओसाड गाव वसवणे आणि पडीक जमीन कसणे हे शेतकऱ्यांच्याच हाती होते.

गौतमीपुत्रानंतर त्याचा मुलगा वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या 19 व्या वर्षी राजमाता गौतमी बलश्रीने लेणे दान करताना आपल्या दिवंगत पुत्राची प्रशस्ती कोरवली. तो पौरजनांच्या सुखदुःखात सहभागी होता, धर्माने मिळालेलाच कर वापरत असे आणि अपराधी शत्रूचाही जीव घेण्याची त्याला आवड नव्हती, असे ती सांगते. त्याच लेखात क्षहरात वंशाचा निःपात केल्याचा गौरवही आहे. करावर मर्यादा हवी, हे त्या काळी मान्य होते. मात्र राजाने ती ओलांडली तर त्याला जाब विचारणारी कोणतीही संस्था या लेखांत दिसत नाही.

एकछत्री सत्तेचे खरे स्वरूप यातून स्पष्ट होते. आज्ञा एका माणसाची, अंमल अमात्यांचा आणि पैशाचा व्यवहार श्रेणींचा, अशी तिची घडण होती. गौतमीपुत्रासारखा राजा चूक दुरुस्त करू शके, पण ती दुरुस्त होणे सर्वस्वी त्याच्याच इच्छेवर अवलंबून होते. प्रजेचे हित राजाच्या स्वभावावर सोपवलेले असणे, हाच या राज्यपद्धतीचा मूळ दोष होता.