गुडघ्यावरच्या ठोक्याची कुळकथा

येवल्यासारख्या तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात गरोदर बाईला झटके आले, की सिस्टर मॅगसल्फ, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, भरायला घेतात. नाशिक सुमारे ८० किलोमीटर, म्हणून रेफर करण्याआधीच दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम द्यायचं. पुढचा डोस चार तासांनी. पण त्याआधी सिस्टर बाईच्या गुडघ्याच्या वाटीखाली ठोका मारून बघतात. पाय उडाला तर सुई, नाही उडाला तर डोस थांबला. सोबत श्वास मिनिटाला १६ तरी हवेत आणि चार तासांत लघवी १०० मिलिलिटर तरी झालेली हवी.

औषध म्हणजे एप्समच्या झऱ्याचं मीठ, पूर्वीचं जुलाबाचं. त्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. मला भुरळ पडली ती ठोक्याची, कारण त्याचं कूळ छाती तपासण्याच्या हातोडीपर्यंत जातं. आणि त्या हातोडीच्याही आधी आहे ऑएनब्रुगर. १७६१ साली या ऑस्ट्रियन डॉक्टराने छातीवर बोटांनी ठोकून आतलं पाणी ओळखण्याची युक्ती छापली. हा ग्राट्स गावच्या खानावळवाल्याचा मुलगा. तेव्हा बापाची दारूची पिपं ठोकून किती भरलीत ते पाहताना त्याला हे सुचलं, असं जो तो सांगतो. मला ते पटत नाही. निरोगी छातीचा आवाज सांगताना त्याने दाखला दिलाय तो जाड कापडाने झाकलेल्या ढोलाचा. गृहस्थ संगीतवेडा होता. १७८१ मध्ये सालिएरीच्या एका ऑपेराची संहिता त्यानेच लिहिली. पीप सोडा, हा कान गवयाचा होता. पिपाची गोष्ट सांगायला सोपी, म्हणून टिकली.

पुढे छातीची हातोडी गुडघ्यावर आली. १८७५ मध्ये बर्लिनचा वेस्टफाल आणि हायडेलबर्गचा एर्ब यांचे लेख एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात आले. वेस्टफालचं लक्ष वेधलं होतं एका रोग्यानेच: टिचकी मारली की माझा पाय आपोआप उडतो, म्हणाला. तरी वेस्टफाल अडून बसला, की ही नुसती स्नायूची उसळी. एर्ब म्हणाला, नाही, ठोक्याची खबर मज्जारज्जूपर्यंत जाऊन परत येते. एर्ब जिंकला. वेस्टफालचं म्हणणं खरं असतं तरी सिस्टरचं काम अडलं नसतं, असं एक डॉक्टर मित्र म्हणतो. माझं म्हणणं, फेरी पूर्ण होते म्हणूनच ठोका एवढ्या लवकर बोलतो: मॅग्नेशियम मज्जातंतूकडून स्नायूला मिळणारा निरोप दाबतं. रक्तातली पातळी चढू लागली की आधी गुडघा गप्प होतो, श्वास त्यानंतर मंदावतो. त्या मधल्या अवधीत हातोडी सावध करते.

हा अवधी ओळखला कोणी? पाठ्यपुस्तकं डलासच्या प्रिचर्डचं, १९५५ सालचं नाव घेतात. मी त्याआधीच्या न्यूयॉर्कच्या मेल्टझर आणि आउअर यांच्याकडे बोट दाखवीन. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी मॅग्नेशियमने प्राणी निपचित पाडले आणि १९०८ मध्ये कॅल्शियमने ते पुन्हा उठतात हेही दाखवलं. सिस्टरच्या ट्रेमधलं उताऱ्याचं कॅल्शियम ग्लुकोनेट तिथूनच आलं. गुडघा आणि ट्रे यांची सांगड मग प्रिचर्डने घातली असेल. त्याचं श्रेय तेवढंच, अर्थात तेही थोडं नाही.

आपल्याकडे सोलापूरच्या डॉ. सुमन सरदेसाईंनी मॅगसल्फची कमी मात्रेची पद्धत मांडली. अमेरिकेतल्या बाईला लागणारा डोस इकडच्या हलक्या अंगाच्या बाईला का द्यावा, हा प्रश्न मला रास्त वाटतो. मात्रा कमी केली तरी ठोका मात्र सुटला नाही.

एक अडचण मात्र वेस्टफाल-एर्बच्या स्वप्नातही नव्हती. सिझेरियनसाठी पाठीत भुलीचं इंजेक्शन दिलेलं असलं, की कमरेखालचं सगळंच बधिर आणि गुडघा मॅगसल्फविनाच मुका. तेव्हा जाणती सिस्टर गुडघ्याच्या नादाला लागत नाही. ती बाईचा हात वाकवते, कोपराच्या खोबणीतल्या कंडरेवर अंगठा ठेवते आणि अंगठ्यावरच हातोडी मारते.